नेटवर्क गेले तरी वाट सापडावी

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर सोडून वांगणीच्या दिशेने जात असता उल्हास नदीच्या पुरात अडकली. रूळ पाण्याखाली गेले आणि गाडीच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी झाले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, स्थानिक प्रशासन आणि आसपासचे ग्रामस्थ यांनी हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. चौदा वर्षांपूर्वी याच तारखेला, म्हणजे २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती आणि उल्हासच्या काठावरील वस्त्यांनी पुराचा तडाखा सोसला होता. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील रहिवाशांना जुलैचा शेवटचा आठवडा म्हणूनच विसरता येत नाही.

अशा प्रसंगी जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. तरीही नकाशा उघडत नाही, ठिकाणाची माहिती दिसत नाही, मुक्कामाच्या जागेचा पत्ता जुन्या संदेशांत कुठेतरी हरवलेला असतो. ही सर्व माहिती दूरच्या संगणकांवर साठवलेली असते आणि नेटवर्क आहे तोवरच ती हातातील पडद्यावर उमटते. खात्यात शिल्लक भरपूर आहे, परंतु शाखा बंद आणि खिशात रोकड नाही, अशी ती अवस्था होय. प्रवासाला निघण्यापूर्वी थोडी रोकड काढून ठेवावी हे जुन्या पिढीला कोणी शिकवावे लागत नसे. माहितीच्या बाबतीत तोच शहाणपणा अंगी बाणवण्याचा एक आनंददायक मार्ग गेली पंचवीस वर्षे एका खेळाच्या रूपाने जगभर रूढ झाला आहे. त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

एका बादलीपासून सुरू झालेला खेळ

अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचा संकेत सर्वसामान्यांना पूर्वीही मिळत असे; मात्र त्यात मुद्दाम त्रुटी मिसळलेली असे आणि त्यामुळे दाखवलेली जागा शंभरेक मीटरने चुकू शके. २ मे २००० रोजी ती त्रुटी काढून टाकण्यात आली आणि एका रात्रीत अचूकता दहा-वीस मीटरपर्यंत आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात डेव्ह उल्मर यांनी काही वस्तू आणि एक नोंदवही घातलेली बादली ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध केले. लोकांनी ती शोधून काढली, आपली नावे लिहिली, आणि खेळ सुरू झाला. त्याच महिन्यात त्याला जिओकॅशिंग हे नाव मिळाले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी अशा सर्व ठिकाणांची एकत्र नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले.

खेळाचे स्वरूप साधे आहे. कोणीतरी एक छोटी डबी लपवतो आणि तिचे स्थान आकड्यांत सांगतो. शोधणाऱ्याने तेथे पोहोचावे, वहीत नाव व तारीख लिहावी आणि डबी होती तशीच जागच्या जागी ठेवावी. आतील एखादी वस्तू घेतली तर तितक्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, हा संकेत. खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत आणि जमीन खणून काही पुरायचे नाही, हे नियम. शोधाची कठीणता आणि वाटेची अवघडता या दोन्हींना १ ते ५ असे गुण दिलेले असतात. वाटेला १ गुण असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही तेथे जाता येते. ५ असेल तर विशेष साधनांवाचून जाऊ नये. आजी-आजोबांना बरोबर नेणाऱ्या कुटुंबासाठी हा एक आकडा मोठ्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

उपग्रह आणि मनोरा यांतील भेद

नेटवर्क गेले की जीपीएसही बंद पडते, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. जीपीएस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड संकेत पाठवत असतात आणि मोबाइल ते केवळ ऐकतो. त्यासाठी सिमकार्ड लागत नाही, डेटाही खर्च होत नाही. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की मोबाइल स्वतःचे स्थान काढतो. रेडिओ ऐकण्यासाठी जशी टेलिफोनची जोडणी लागत नाही, तसेच हे.

नेटवर्कचे काम वेगळे आहे. सभोवतालचा नकाशा, ठिकाणाचे वर्णन, छायाचित्रे आणि इतरांनी लिहिलेले अनुभव या गोष्टी मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत येतात. मनोरा दिसेनासा झाला की पडद्यावर स्थानाचा निळा ठिपका राहतो आणि त्याच्याभोवती कोरा, करडा पडदा. माणूस कोठे आहे हे यंत्राला कळलेले असते. तेथून कोणीकडे जावे हे मात्र कळत नाही. घरातून निघण्यापूर्वी हा कोरा पडदा भरून ठेवणे, म्हणजे ऑफलाइन तयारी.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणते उपग्रह आकाशात कोठे आहेत याची माहिती मोबाइल एरवी नेटवर्कवरून चटकन मिळवतो. नेटवर्क नसताना ती उपग्रहांकडूनच मिळवावी लागते आणि त्याला काही मिनिटे लागतात. अशा वेळी मोबाइल मोकळ्या आकाशाखाली स्थिर धरावा आणि धीर धरावा.

कोणती माहिती बरोबर घ्यावी

जिओकॅशिंग करणारे अनुभवी लोक प्रत्येक ठिकाणाविषयी पाच गोष्टी मोबाइलमध्ये उतरवून घेतात. पहिली, अक्षांश-रेखांश. दुसरी, वर्णन, कारण वाहन कोठे लावावे, कोणत्या बाजूने जावे आणि कोणत्या वेळी जाऊ नये हे त्यातच असते. तिसरी, गूढ लिपीतील सूचना. इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराऐवजी त्यापुढील तेरावे अक्षर लिहून ती झाकलेली असते. अ‍ॅप ती क्षणात उलगडते आणि कागदावर मुलेही उलगडू शकतात. चौथी, अलीकडे तेथे जाऊन आलेल्यांच्या नोंदी. शेवटच्या चार-पाच जणांना डबी सापडली नसेल तर ती बहुधा तेथे नाही, हे घरबसल्या समजते. पाचवी, छायाचित्रे.

ही माहिती जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये एकत्र मिळू शकते. मुख्य संकेतस्थळाच्या सशुल्क सभासदांना एका वेळी हजारपर्यंत ठिकाणांची फाइल तयार करून घेता येते. त्याच्या अ‍ॅपमध्ये यादी करून ती साठवताही येते. अँड्रॉइडवरील सी-जिओ हे विनामूल्य अ‍ॅपही ठिकाणे मोबाइलमध्ये साठवून ठेवते. शोध लागल्यावर त्याची नोंद जागेवर लिहून ठेवता येते आणि नेटवर्क मिळाल्यावर ती पाठवता येते.

नकाशाची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते. गुगल मॅप्समध्ये हवा तेवढा प्रदेश निवडून उतरवता येतो. परंतु नेटवर्कशिवाय त्यात वाहनाचा मार्ग मिळतो, पायी चालण्याचा मिळत नाही. उतरवलेल्या नकाशाला मुदतही असते, म्हणून तो अधूनमधून नवा करावा. पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड यांसारखी अ‍ॅप अधिक सोयीची. लोकांनीच मिळून तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर ती चालतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. त्यांत कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर.

दशांशचिन्हाची किंमत

उल्हासनगरच्या रहिवाशांना आकड्यांवरून जागा ओळखणे नवे नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. तेव्हापासून कॅम्प क्रमांक, सेक्शन आणि बरॅक क्रमांक हाच तेथील पत्ता. एक आकडा चुकला तर पत्र दुसऱ्याच्या दारी. अक्षांश-रेखांशांचे गणितही तसेच आहे. फक्त येथे चूक गल्लीची होत नाही, गावाची होते.

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर सुमारे १९ अंश १२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. एका अंशाची साठ मिनिटे असतात. म्हणून दशांश पद्धतीने हाच अक्षांश १९.२० अंश असा लिहावा लागतो. घाईत कोणी तो १९.१२ असा लिहिला, तर फरक ०.०८ अंशाचा, म्हणजे जवळजवळ ९ किलोमीटरांचा पडतो. अंबरनाथला निघालेले कुटुंब बदलापूरही मागे टाकून वांगणीच्या अलीकडच्या अक्षांशावर जाऊन पोहोचेल. मोबाइलला ही चूक कळत नाही. तो आत्मविश्वासाने चुकीच्या ठिकाणी नेतो.

जिओकॅशिंगमध्ये अंश, मिनिटे आणि मिनिटांचे तीन दशांश अशी पद्धत प्रचलित आहे, तर नकाशांची बहुतेक अ‍ॅप दशांश अंश दाखवतात. एका मिनिटाचा अक्षांश म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तर मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहूनही कमी. त्यामुळे आकडे उतरवताना पद्धत कोणती हे शेजारी लिहावे, दुसऱ्या व्यक्तीकडून ते मोठ्याने वाचून घ्यावेत, आणि नकाशावर ठिपका अपेक्षित गावातच पडतो ना, हे पाहावे. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने तपासावे, ही हिशेबाची जुनी शिस्त येथेही तितकीच उपयोगी पडते.

डबी कोठे ठेवू नये

या परिसरात खेळ खेळताना विवेक अधिक लागतो. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आहे. तिन्ही शहरांमधून मध्य रेल्वेचा गजबजलेला मार्ग जातो आणि बेवारस वस्तूला हात लावू नका, अशी उद्घोषणा फलाटावर रोज ऐकू येते. अशा ठिकाणी लपवलेली डबी हा खेळ राहत नाही. ती पोलिसांची धावपळ आणि लोकांची घबराट होते. रेल्वेमार्ग, लष्करी आस्थापना आणि शाळा यांच्याजवळ डबी ठेवू नये, असे खेळाचे स्वतःचे नियमही सांगतात. शिवमंदिर हे केंद्र सरकारच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. त्याच्या दगडांच्या फटीत काही खुपसणे सर्वथा अयोग्य.

मात्र डबीवाचूनही शोध घेता येतो. पालकांनी आधी स्वतः जाऊन यावे, ठिकाणांचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि प्रत्येक ठिकाणासाठी एक प्रश्न तयार करावा. उत्तर तेथे गेल्याशिवाय मिळू नये, एवढीच अट. वालधुनीच्या काठावरील या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. शिलाहार राजवटीतील ती वास्तू. मंडपाला दरवाजे किती? मुख्य दरवाजा कोणत्या दिशेला? गर्भगृहात उतरण्यासाठी पायऱ्या किती? आत उभे राहून वर पाहिले तर काय दिसते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकाश आहे, हे मुलांनी स्वतः मान वर करून पाहावे. सांगून त्यातली गोडी जाते. उल्हासनगरमधील एखाद्या जुन्या बरॅकचा क्रमांक किंवा बदलापूरच्या पुलावरून दिसणाऱ्या उल्हासच्या प्रवाहाची दिशा असेही प्रश्न होऊ शकतात. प्रश्न, आकडे आणि नकाशा मोबाइलमध्ये साठवले की रविवारची एक सकाळ सार्थकी लागते आणि मुलांच्या हाती नकाशा वाचण्याची विद्या येते.

कोंडेश्वरची गोष्ट निराळी. बदलापूरजवळच्या त्या कुंडावर आणि धबधब्यावर पावसाळ्यात जीव गमावल्याच्या घटना घडल्या आहेत आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी जाण्यास वेळोवेळी मनाई करते. मोबाइलमध्ये उतरवलेली माहिती ज्या दिवशी उतरवली त्या दिवसाची असते. ठिकाण आठवडाभरापूर्वी खुले होते, म्हणून आज खुले असेलच असे नाही. पाण्याची पातळी कोणत्याही फाइलमध्ये साठवता येत नाही. निघण्याच्या सकाळी हवामान खात्याचा इशारा आणि प्रशासनाचे आदेश पाहणे हा तयारीचाच भाग समजावा.

तीर्थयात्रेत हीच तयारी

खेळातून लागलेली ही सवय मोठ्या प्रवासात उपयोगी पडते. जैन कुटुंबाच्या यात्रेत धर्मशाळा, भोजनशाळा, मंदिर आणि स्थानक यांचे नेमके स्थान आधीच साठवलेले असले, तर अपरिचित गावी संध्याकाळी फिरत बसावे लागत नाही. आणखी एक बाब बहुधा नजरेआड होते, ती सूर्यास्ताची.

सूर्य पूर्वेकडे लवकर मावळतो. रेखांशाच्या एका अंशामागे चार मिनिटे. उल्हासनगर सुमारे ७३ अंश रेखांशावर आहे आणि झारखंडमधील श्री सम्मेद शिखरजी सुमारे ८६ अंशांवर. फरक १३ अंशांचा, म्हणजे सुमारे ५२ मिनिटांचा. हिवाळ्यात अक्षांशातील अंतरामुळे तो आणखी वाढतो आणि एक तासाच्या घरात जातो. घड्याळ मात्र देशभर एकच. मुंबईचे पंचांग किंवा मुंबईसाठी छापलेला कोठा घेऊन गेलेल्या यात्रेकरूचा चौविहार तेथे न कळत चुकू शकतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी होणारी नवकारशीही अलीकडे येते. शिखरजीची चढण, टोंकांची वंदना आणि उतरण मिळून सुमारे २७ किलोमीटरांची पायपीट असते. अशा डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर वेळ पाहणे बरे नव्हे. यात्रेच्या प्रत्येक मुक्कामासाठी त्या त्या गावचे सूर्योदय व सूर्यास्त घरीच काढून एका पानावर लिहून ठेवावेत.

निघण्यापूर्वीच्या रात्री

सर्व काही उतरवून झाले, असे वाटले की एक चाचणी घ्यावी. निघण्याच्या आदल्या रात्री मोबाइल विमान-स्थितीत टाकावा आणि नेटवर्क व वायफाय दोन्ही बंद झाल्याची खात्री करावी. मग प्रत्येक ठिकाण, प्रत्येक वर्णन, नकाशाचा प्रत्येक कोपरा, तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता उघडून पाहावा. पाहिल्यासारखे वाटणारे निम्मे तपशील उघडतच नाहीत, हा अनुभव अनेकांना तेव्हाच येतो. घरी तो आला तर पाच मिनिटांत उपाय होतो. वांगणीच्या पुढे आला तर होत नाही. दिवसअखेर रोकड मोजून वहीशी जुळल्याशिवाय तिजोरी बंद करत नाहीत, तशीच ही जुळवणी.

बॅटरी वाचवण्यासाठी वाटेतही मोबाइल विमान-स्थितीत ठेवता येतो. बहुतेक मोबाइलमध्ये त्या स्थितीतही उपग्रहांचे संकेत मिळत राहतात. भरलेली पॉवर बँक जवळ असावी. आणि शेवटी एक कागद असावा. त्यावर ठिकाणांची नावे, दोन्ही पद्धतींतील अक्षांश-रेखांश, घरातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक, औषधांची नावे, आणीबाणीसाठी ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक स्पष्ट अक्षरांत लिहावेत. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. त्याची दुसरी प्रत घरी राहणाऱ्याकडे द्यावी आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हेही त्यावर लिहावे.

संकटात स्थान सांगता येणे हे अर्धे साहाय्य आहे. डेटा चालत नसला तरी साधा संदेश कधीकधी जातो. त्यात अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे लिहिले तर शोधणाऱ्याला गावाचे नाव विचारावे लागत नाही. रेल्वेमार्गावर विजेच्या तारांच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. खिडकीतून तो वाचून कळवता येतो. लहानपणी खेळ म्हणून आकड्यांवरून जागा शोधायला शिकलेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

यंदाच्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी घरातील सर्वांनी मिळून अंबरनाथच्या मंदिरापर्यंत असा एक प्रवास करून पाहावा. मोबाइल विमान-स्थितीत, कागद खिशात आणि वाट दाखवण्याचे काम घरातील सर्वांत लहान सदस्याकडे. तो चुकला, तर वडीलधाऱ्यांनी लगेच सुधारू नये. त्याला थांबू द्यावे, कागदावरचे आकडे पुन्हा वाचू द्यावेत आणि वाट त्यालाच शोधू द्यावी.